डब्यात डबे लावणारा माणूस : कार्ल लिनिअस

बारावीला बायोलॉजी घेतलेल्यांना कार्ल लिनिअस हे नाव एका मार्काच्या प्रश्नापुरतं आठवत असेल. बाकीच्यांना तेवढंही नाही. मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझीनमध्ये या माणसाचं काय काम, असं कुणीही विचारेल.

काम असं आहे. या वर्षी स्क्रिप्टिंगच्या लॅबला आम्हाला एक असाइनमेंट होती : कॅम्पसमधल्या झाडांची माहिती पर्लमध्ये नेस्टेड हॅश करून भरायची. झाडांवरच्या पाट्यांवरून नावं उतरवताना लक्षात आलं की बऱ्याच नावांच्या शेवटी ‘एल’ हे एकच अक्षर आणि टिंब आहे. वडाच्या नावापुढे एल, पिंपळाच्या नावापुढे एल. आंबा, चिंच, नारळ, सगळीकडे एल. शास्त्रीय नावाच्या शेवटी ते नाव देणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे, आणि ज्याचं नुसत्या एका अक्षरावर भागतं असा माणूस एकच, लिनिअस. पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये बसून ज्याने आपल्या वडा-पिंपळाला नावं दिली तो होता तरी कोण, म्हणून वाचायला घेतलं. वाचता वाचता असं वाटायला लागलं की आपण लॅबमध्ये जे शिकतोय, तेच हा माणूस आयुष्यभर कागदावर करत होता.

आधी थोडंसं पर्ल

इतर ब्रँचच्या मित्रांसाठी आधी दोन शब्द. पर्ल ही लॅरी वॉल याने १९८७ साली काढलेली स्क्रिप्टिंग लँग्वेज. तिच्यात ‘हॅश’ नावाचा प्रकार असतो. एक की द्यायची, तिच्यासमोरची व्हॅल्यू मिळते. आपल्या मोबाईलमधल्या फोनबुकसारखं : नाव टाका, नंबर मिळवा.

पण खरं जग इतकं सपाट नसतं. घरच्या मिसळणाच्या डब्याची आठवण करा. मोठा डबा, त्यात छोट्या वाट्या, एकेका वाटीत मोहरी, जिरं, हळद. पर्लमध्ये असा डबा करायला गेलं की गंमत होते. एका यादीत दुसरी यादी सरळ ठेवली तर आतली यादी राहतच नाही. वाटी नाहीशी होते आणि आतली मोहरी मोठ्या डब्यात सांडते! कुठलं कशातलं, काही कळत नाही. यावर उपाय म्हणजे ‘रेफरन्स’. १९९४ साली पर्लची पाचवी आवृत्ती आली तेव्हा तो आला. आत वस्तू ठेवायची नाही, वस्तूचा पत्ता ठेवायचा. त्या पत्त्यावर आणखी एक हॅश, त्यात आणखी पत्ते. असं कितीही खोल जाता येतं. पायथनची डिक्शनरी आणि जेसनवाल्यांनाही ही कल्पना नवी नाही.

एवढं लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर स्वीडनला चला.

झाडावरून आडनाव

कार्लचा जन्म २३ मे १७०७ चा. गाव रोशुल्त, दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड भागातलं. त्या काळी तिथल्या सामान्य लोकांना आडनाव नसायचं. बापाचं नाव पुढे लावायचं, झालं. पण कार्लचे वडील निल्स युनिव्हर्सिटीत गेले आणि तिथे आडनाव लागणार होतं. त्यांच्या शेतावर लिंडनचं एक मोठं झाड होतं, त्यावरून त्यांनी लिनिअस हे आडनाव घेतलं. आपल्याकडे पिंपळे, आंबेकर, उंबरकर असतात तसंच! ज्याने पुढे जगभरच्या झाडांना नावं दिली, त्याचं स्वतःचं नाव झाडाने दिलेलं होतं.

निल्स चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि बागेचे भलते शौकीन. मुलाला लहानपणीच फुलांची नावं पाठ झाली. शाळेत मात्र त्याचं लक्ष नव्हतं. त्यालाही धर्मोपदेशक करायचं हे घरात ठरलेलं, पण वेक्शोच्या शाळेतल्या मास्तरांनी वडिलांना सांगून टाकलं की हे या मुलाच्याने व्हायचं नाही. वडील हताश झाले, एखादा हातांचा धंदा शिकायला पाठवावं म्हणू लागले. तेव्हा योहान रोथमन नावाचे डॉक्टर मध्ये पडले. मुलगा वैद्यकीला चांगला आहे, मी त्याला शिकवतो, असा शब्द त्यांनी दिला आणि पाळलाही. मार्कशीट बघून माणूस ठरवू नये याचं हे एक जुनं उदाहरण.

१७२७ साली कार्ल लुंडला आणि वर्षभराने उप्सालाला गेला. पैसे नाहीत. बूट फाटले की आत कागद घालून चालायचा म्हणतात. तिथल्या बागेत ओलोफ सेल्सियस हे वृद्ध प्राध्यापक त्याला भेटले. तापमानाच्या सेल्सियसचे हे काका. या फाटक्या पोराला इतक्या वनस्पती माहीत आहेत हे बघून ते चकित झाले आणि त्यांनी त्याला आपल्या घरीच राहायला नेलं. १७३० साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, तो युनिव्हर्सिटीच्या बागेत लोकांना शिकवत होता.

दोन मित्रांचा करार

उप्सालातच त्याला पीटर आर्टेडी भेटला. एकाला फुलांचं वेड, दुसऱ्याला माशांचं. दोघेही गरीब, दोघांनाही वाटायचं की निसर्गाचा हा सगळा पसारा नीट लावला पाहिजे. प्रोजेक्ट पार्टनर मॉड्यूल वाटून घेतात तसा त्यांनी निसर्ग वाटून घेतला! आणि एक करार केला : जो आधी मरेल त्याचं काम दुसऱ्याने पुरं करायचं.

विशी-पंचविशीतले मित्र असले करार हसत हसत करतात. पण १७३५ साली दोघेही हॉलंडमध्ये पुन्हा भेटले. लिनिअसनेच आर्टेडीला ॲम्स्टरडॅममध्ये आल्बर्टस सेबा या संग्राहकाकडे काम मिळवून दिलं होतं. त्याच सप्टेंबरात एका रात्री सेबाच्या घरून परतताना आर्टेडी अंधारात कालव्यात पडला आणि बुडाला. वय फक्त ३०. खोलीचं भाडं थकलेलं, म्हणून घरमालकाने त्याची हस्तलिखितं अडवून ठेवली. लिनिअसच्या शब्दावरून त्याच्या श्रीमंत आश्रयदात्याने पैसे भरून ती सोडवली. लिनिअसने ती नीट लावली आणि १७३८ साली आर्टेडीचा माशांवरचा ग्रंथ आर्टेडीच्याच नावाने छापला. करार पुरा झाला. लिनिअस स्वतःची बढाई मारण्यात कमी नव्हता, पण ही गोष्ट वाचल्यावर मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

डझनभर पानांचं पुस्तक

मध्ये १७३२ साली तो लॅपलँडला जाऊन आला होता. मे ते ऑक्टोबर, बराचसा प्रवास एकट्याने, दलदलीतून आणि डोंगरातून. तिथल्या सामी लोकांचं राहणं, खाणं, औषधं सगळं त्याने टिपून आणलं.

हॉलंडला तो गेला डॉक्टरची डिग्री घ्यायला. हार्डरवाइकच्या युनिव्हर्सिटीत ती आठवड्याभरात मिळाली. (आमचं सबमिशनच आठवड्यात होत नाही!) जाताना हँबर्गमध्ये त्याने एक भांडण ओढवून घेतलं. तिथल्या मेयरकडे सात तोंडांचा हायड्रा होता, पेंढा भरलेला, फार किमती. लिनिअसने बघितलं आणि सांगून टाकलं की हे खोटं आहे. मुंगसासारख्या प्राण्याचे जबडे आणि सापाची कातडी जोडून केलेलं. किंमत कोसळली आणि लिनिअसला घाईने शहर सोडावं लागलं.

त्याच वर्षी, १७३५ मध्ये, लायडनला त्याचं ‘सिस्तेमा नातुरे’ छापलं गेलं. मोठ्या आकाराची डझनभर पानं, बस्स. पण त्या पानांवर जगातल्या सगळ्या वस्तूंचं एक कोष्टक होतं. सगळ्यात वर तीन राज्यं : खनिजं, वनस्पती, प्राणी. प्रत्येक राज्यात वर्ग, वर्गात गण, गणात प्रजाती, प्रजातीत जाती. म्हणजे पाच पातळ्यांचा नेस्टेड हॅश! आपण पत्ता लिहितो तसाच हा प्रकार. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, घर. पोस्टमनला अख्ख्या महाराष्ट्रातली घरं पाठ असावी लागत नाहीत. एकेका पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आणि आत शिरायचं.

अशी वर्गवारी करणारा तो पहिला नव्हता. पण त्याची पद्धत कुणालाही वापरता येत होती, हे तिचं वेगळेपण. नवं फूल हातात आलं तर ते कुठे ठेवायचं हे ठरवायला पंडित असायची गरज उरली नाही.

की कशाची करायची?

इथे आपल्या कामाची गोष्ट येते. नेस्टेड स्ट्रक्चर बांधताना सगळ्यात अवघड निर्णय असतो की कशाची करायची. मुलांची यादी रोल नंबरने लावायची, ब्रँचने, की हॉस्टेलच्या खोलीने? एकदा ठरवलं की काही प्रश्न सोपे होतात आणि काही फार कठीण.

लिनिअसने वनस्पतींसाठी की निवडली फुलातल्या पुंकेसरांची संख्या. एक असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा, आणि पुढे संख्येबरोबर त्यांची लांबी आणि रचनाही बघायची. असे २४ वर्ग. आतला गण बहुतेक ठिकाणी स्त्रीकेसरांवरून. तो हे सगळं नवरा-बायकोच्या भाषेत लिहायचा. एक बायको आणि वीस नवरे, वगैरे. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेक या शास्त्रज्ञाला ते इतकं अश्लील वाटलं की त्याने जाहीर टीका केली. पण पद्धत चालली, कारण मोजता कुणालाही येतं.

तोटा काय? नुसती मोजणी केली की नात्यातल्या वनस्पती वेगळ्या डब्यात जातात आणि परक्या एकत्र येतात. हॉस्टेलला रूम नंबरने यादी लावली तर शेजारी राहणारे दोघे एका गावचेच असतील असं थोडंच आहे! लिनिअसला हे पक्कं माहीत होतं. ही पद्धत कृत्रिम आहे, सोयीसाठी आहे, हे तो मान्य करायचा. खऱ्या नात्यांवरून गट पाडायचा प्रयत्नही त्याने आयुष्यभर केला, तो पुरा झाला नाही. चोविसावा वर्ग तर सरळ सरळ ‘इतर’ नावाच्या फोल्डरसारखा होता. ज्यांची फुलं दिसत नाहीत ते सगळे, नेचे, शेवाळ, बुरशी, त्यात टाकलेले. आपल्या प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर असा एक फोल्डर असतो.

सोयीची की आणि खरी की यांतला हा फरक मला कुठल्याही डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त चांगला कळला.

दोन शब्दांचं नाव

हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या श्रीमंत बँकरने त्याला आपल्या हार्टेकांपच्या बागेवर ठेवून घेतलं. आर्टेडीची हस्तलिखितं सोडवणारा तो हाच. तिथे लिनिअसने काचघरात केळीला फूल आणून दाखवलं, तर लोक बघायला आले. केळफुलाची भाजी खाणाऱ्या आपल्याला याचं हसू येईल, पण त्या थंड मुलखात तो चमत्कारच होता.

१७३८ ला तो स्वीडनला परतला, स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी केली, १७३९ मध्ये सारा लीसा मोरेआशी लग्न केलं. त्याच वर्षी रॉयल स्वीडिश ॲकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. १७४१ ला तो उप्सालाला प्राध्यापक झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

१७५३ साली त्याचं ‘स्पेसिएस प्लांटारुम’ आलं. जवळपास सहा हजार वनस्पतींची नोंद. त्याआधी वनस्पतीचं नाव म्हणजे एक अख्खं वाक्य असायचं. उदाहरणार्थ टोमॅटो : बिनकाट्याच्या मऊ खोडाची, पिसासारख्या कातरलेल्या पानांची सोलॅनम. नवी सारखी दिसणारी जात सापडली की वेगळेपण दाखवायला सगळ्यांची नावं लांबवायची! नावातच सगळी माहिती कोंबलेली. पर्लमध्ये वाट्या सांडून सगळं सपाट होतं ना, तसंच.

लिनिअसने नाव आणि वर्णन वेगळं केलं. नाव फक्त दोन शब्दांचं : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वर्णन आत ठेवलं. नाव म्हणजे माहिती नव्हे, माहितीकडे नेणारा पत्ता. चक्क रेफरन्स! गंमत म्हणजे ही छोटी नावं त्याने आधी नुसती मार्जिनमध्ये लिहिली होती, सोय म्हणून. तीच टिकली.

आपल्या कॅम्पसवर करून बघा. फायकस हा एक डबा उघडा. त्यात ‘बेंगालेन्सिस’ म्हटलं की वड, ‘रिलिजिओसा’ म्हटलं की पिंपळ, ‘रॅसिमोसा’ म्हटलं की उंबर, ‘कॅरिका’ म्हटलं की अंजीर. चारही नावं १७५३ ची. मराठी नावांवरून ही चार भावंडं आहेत हे कळत नाही, डब्यावरून लगेच कळतं.

तो स्वतः युरोपच्या बाहेर कधीच गेला नाही. मग हे सगळं त्याला कळलं कसं? भारतातल्या बऱ्याच झाडांसाठी त्याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ वापरला. तो डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने कोचीला तयार करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला. त्यातली माहिती इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण यांनी दिलेली. त्या तिघांचं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. लिनिअसच्या डब्यात आपल्याकडचं ज्ञान असं गेलं. पाट्यांवर मात्र एल तेवढा राहिला.

सुटे कागद

डेटा वाढत गेला की आधीचं डिझाइन कमी पडतं हे आपण सगळे अनुभवतो. डझनभर पानांचं ‘सिस्तेमा’ बाराव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १७६६-६८ पर्यंत, दोन हजारांहून जास्त पानांचं झालं.

त्या काळी वाळवलेल्या वनस्पती जाड वहीत चिकटवून ठेवायचे. वही एकदा बांधली की क्रम बदलता येत नाही. लिनिअसने प्रत्येक वनस्पती सुट्या कागदावर लावली आणि कागद कपाटाच्या कप्प्यांत ठेवले. मत बदललं, कागद उचलून दुसऱ्या कप्प्यात! स्वतःच्या छापील पुस्तकांत तो कोरी पानं बांधून घ्यायचा आणि पुढच्या आवृत्तीच्या दुरुस्त्या त्यावर लिहायचा. म्हातारपणी तर तो सारख्या आकाराच्या छोट्या चिठ्ठ्यांवर एकेका जातीची नोंद करू लागला होता. लायब्ररीतल्या इंडेक्स कार्डची ही आजीच.

आणि त्याने खरंच कप्पे बदलले. १७३५ मध्ये देवमासा माशांत होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत लिनिअसने त्याला सस्तन प्राण्यांत आणलं. सस्तन हा वर्ग त्या नावाने तिथेच पहिल्यांदा आला. आपण मराठीत अजून देवमासाच म्हणतो! त्याच आवृत्तीत वटवाघूळ मात्र माणूस आणि माकडांच्या गणात बसलं होतं. ते नंतरच्या लोकांनी हलवलं.

डबा भरणारे

हे कप्पे भरायला माल लागायचा. उप्सालात शनिवारी तो विद्यार्थ्यांना घेऊन रानात जायचा. कधी कधी शंभराच्या वर मुलं. संध्याकाळी सगळे टोपीत फुलं खोचून ढोल-शिंगं वाजवत गावात परतायचे. आपल्या फील्ड व्हिजिटला असं काही असतं तर अटेंडन्सचा प्रश्नच आला नसता.

त्यातल्या निवडक सतरा जणांना त्याने जगभर पाठवलं. त्यांना त्याचे प्रेषित म्हणतात. सातजण परत आलेच नाहीत. पहिला क्रिस्टोफर टॅर्नस्ट्रॉम १७४६ ला व्हिएतनामजवळच्या एका बेटावर तापाने गेला. त्याच्या बायकोने लिनिअसला दोष दिला, आणि यापुढे लग्न झालेल्यांना पाठवायचं नाही असं त्याने ठरवलं. हॅसलक्विस्ट तुर्कस्तानात स्मर्नाजवळ गेला, लॉफ्लिंग व्हेनेझुएलात, फॉर्स्कॉल येमेनमध्ये. वर्गवारीच्या कोष्टकातल्या एकेका नावामागे असा एखादा पंचविशी-तिशीतला मुलगा आहे. पुस्तकात ते दिसत नाही.

त्याचा आणखी एक विद्यार्थी योहान कोनिग १७६८ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला आला आणि १७८५ मध्ये भारतातच वारला. लिनिअसने एका भारतीय झाडाच्या नावात त्याचं नाव घातलं : कोनिगी. ते झाड म्हणजे आपला कढीपत्ता. प्रजातीचं नाव कुणी बर्गेरा लिहितं, कुणी मुराया. वरचा डबा बदलला, तरी आतलं कोनिगी तेच राहिलं. मेसच्या पोह्यांतून आपण जो बाजूला काढून ठेवतो, त्या पानावर एका माणसाची आठवण आहे.

रिकामे डबे

आता पर्लची एक खोड सांगते. नेस्टेड हॅशमध्ये खोल आतली एखादी की आहे का, एवढंच विचारलं, तरी पर्ल मधले डबे गुपचूप तयार करतं. आपण नुसतं विचारलेलं असतं, ठेवलेलं काहीच नसतं. नंतर यादी छापली की दिसतं, नसलेल्या वस्तूचा डबा तयार! याला ऑटोव्हिव्हिफिकेशन म्हणतात. सोयीचं आहे आणि धोक्याचंही.

लिनिअसचंही असंच झालं. पहिल्या आवृत्तीत त्याने फिनिक्स, युनिकॉर्न, हायड्रा यांच्यासाठी वेगळा रकाना केला होता. हे खरे नाहीत हे सांगायलाच. नंतर तो काढून टाकला. पण १७५८ मध्ये ‘होमो’ या डब्यात ‘सेपियन्स’च्या शेजारी ‘ट्रोग्लोडायटीस’ नावाची दुसरी जातही बसली. गुहेत राहणारा, रात्री हिंडणारा माणूस. प्रवाशांच्या ऐकीव गोष्टींवरून. असा माणूस कधी नव्हताच. हँबर्गचा हायड्रा ओळखणाऱ्याला हा ओळखता आला नाही, कारण जागा तयार होती.

याहून वाईट पुढे आहे. माणसाला माकडांच्या शेजारी ठेवायचं धाडस त्याने केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते बरोबरच होतं. पण ‘सेपियन्स’च्या आत त्याने खंडांप्रमाणे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकासमोर रंगाबरोबर स्वभावही लिहिला. युरोपियन हुशार आणि कल्पक, आशियातला गर्विष्ठ आणि लोभी, आफ्रिकन आळशी आणि धूर्त. आशिया, आफ्रिका न बघितलेल्या माणसाने! पुंकेसर मोजून लिहिले होते. हे ऐकून लिहिलं. पण एकाच कोष्टकात, एकाच टाइपात छापल्यावर दोन्ही सारखंच खरं दिसतं. पुढे शंभर-दीडशे वर्षं लोकांनी त्यावर वंशभेदाचं शास्त्र रचलं आणि त्याची किंमत कोट्यवधी माणसांनी मोजली.

डबा आत काय आहे ते विचारत नाही. त्यात मोजलेलं ठेवा की ऐकलेलं, प्रोग्रॅम एरर देणार नाही. हे तपासायचं काम डबा लावणाऱ्याचं. उद्या आपल्यापैकी कुणी बँकेचा, हॉस्पिटलचा किंवा सरकारचा डेटाबेस डिझाइन करेल. त्यात माणसांसाठी कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे आपण ठरवू. म्हणून लिनिअसचं हे पानसुद्धा वाचलं पाहिजे.

शेवट

१७६१ मध्ये त्याला सरदारकी मिळाली आणि तो कार्ल फॉन लिने झाला. १७६६ ला उप्सालात मोठी आग लागली, तेव्हा घाबरून त्याने हॅमरबी या आपल्या गावच्या घराजवळ टेकडीवर दगडी खोली बांधली आणि संग्रह तिथे हलवला. आपण ज्याला बॅकअप म्हणतो त्याचीच काळजी.

१७७४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, नंतर आणखी एक. स्मरणशक्ती गेली. हजारो नावं देणाऱ्या माणसाला नावं आठवेनात. स्वतःची पुस्तकं समोर ठेवली तर तो आनंदाने वाचायचा, पण ती आपली आहेत हे त्याला कळायचं नाही, असं सांगतात. १० जानेवारी १७७८ ला तो गेला. उप्सालाच्या कॅथिड्रलमध्ये त्याला पुरलं.

पण ते सगळं त्याच्या डोक्यात अडकून राहिलेलं नव्हतं. ते कप्प्यांत होतं, सुट्या कागदांवर, कुणालाही सापडेल असं. १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने सगळा संग्रह विकत घेऊन लंडनला नेला आणि १७८८ मध्ये तिथे लिनिअन सोसायटी स्थापन झाली. त्याच सोसायटीत १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीवरचे निबंध वाचले गेले. डब्यात डबे बसतात ते का, याचं उत्तर तेव्हा मिळालं : आतल्या सगळ्यांचा पूर्वज एक असतो म्हणून. लिनिअस देवाची रचना लिहून काढतोय असं समजत होता. त्याचे वर्ग पुढे मोडले, पुंकेसरांची की कधीच सोडून दिली, पण डब्यात डबा ही मांडणी आणि दोन शब्दांचं नाव आजही चालू आहे. वनस्पतींच्या नावांची सुरुवात आजही १७५३ पासून धरतात आणि प्राण्यांच्या १७५८ पासून.

एक शेवटची गोष्ट. शास्त्रीय नाव नक्की कशाला दिलंय हे ठरवायला प्रत्येक जातीचा एक नमुना नेमायचा असतो. तो म्हणजे त्या नावाचा पत्ता. माणसाच्या जातीसाठी लिनिअसने नमुना नेमलाच नव्हता. १९५९ साली विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो नेमला : स्वतः लिनिअस. म्हणजे प्राणी, सस्तन, प्रायमेट, होमो, सेपियन्स असे एकात एक डबे उघडत शेवटच्या डब्यापर्यंत गेलात, तर त्यातला रेफरन्स तुम्हाला उप्सालाच्या चर्चमधल्या एका फरशीपाशी नेऊन सोडतो.